चार बोटं कमी

छोट्या ट्रॅक्टरचे मागचे टायर पार गुळगुळीत झाले होते. गणपतीच्या आठवड्यात पाऊस लागून होता, तेव्हा एकदा ट्रॅक्टर बांधावरून घसरला. चालवणाऱ्या झिपरूने उडी मारली म्हणून वाचला. त्याच संध्याकाळी माझा धाकटा भाऊ खंडेराव म्हणाला, "आता टायर टाकूच."

त्याचा मुलगा राकेश सातपूरला कंपनीत आहे. त्याची त्या दिवशी सुट्टी होती. मोबाइलवरून मान वर न करता तो म्हणाला, "टाकायचेच तर एक साइज मोठे टाका, पप्पा. रोडला स्पीड वाढतो."

"किती वाढतो?"

"वाढतो ना. चाक मोठं, गाडी पुढं."

खंडेरावला ते पटलं. घरची अडीच एकर द्राक्षबाग ओझरच्या अलीकडे, बाणगंगेच्या बाजूला. त्या वर्षी त्याने बारा किलोमीटरवरची आणखी एक बाग वाट्याने घेतली होती. सकाळी वारं सुटायच्या आत दोन्हीकडे फवारणी उरकायची, तर अर्धा वेळ रस्त्यात जायचा. मागून येणारे हॉर्न वाजवून पुढे निघून जायचे आणि तो घरी येऊन चिडायचा.

"अण्णा, तुम्ही सांगा बरं किती वाढंल," तो मला म्हणाला. "एवढी पुस्तकं वाचता."

मी तेहतीस वर्षं शाळेत ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर भावाकडेच राहतो. औषधाच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचून दाखवणं, सोसायटीचे अर्ज भरणं, एवढ्याला मला हाक येते. शेतातलं कोणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून त्या दिवशी खंडेरावने विचारलं तेव्हा मला जरा जास्तच आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी खडू आणि टेप घेऊन अंगणात गेलो. झिपरू ट्रॅक्टरवर बसला. तो पेठकडच्या एका पाड्यावरचा. अकरा वर्षांपूर्वी छाटणीला आला आणि राहिला. मळ्यातल्या खोलीत तो आणि त्याची बायको भिमाबाई राहायचे. ट्रॅक्टर, त्याच्या मागे जोडायचा फवारणीचा ब्लोअर, सगळं त्याच्याकडे. मी टायरवर एक रेघ मारली, तिच्या खाली जमिनीवर एक मारली.

"हळूच पुढं घे. टायरवरची रेघ परत खाली आली की थांब."

"अण्णा, टायरचा शर्ट शिवायचा का?" झिपरू हसला. पण थांबवला अगदी रेघेवर.

दोनशे सत्तर सेंटिमीटर भरले. मग आम्ही ओझरला टायरवाल्याकडे गेलो. मोठा टायर दुकानाच्या फरशीवर असाच गडगडवत नेला. टायरवाला गिऱ्हाइकांना डोळ्यांनी खुणावत होता, ते मला दिसत होतं. दोनशे सत्त्याण्णव. एका लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला मी भागाकार केला.

"शंभराला दहा," रात्री जेवताना मी सांगितलं. "ताशी वीसने जात असेल, तर तेवढ्याच रेसवर बावीसने जाईल. मीटरच्या काट्यावर काही दिसणार नाही, कारण काटा इंजिनाचे फेरे मोजतो, त्याला चाकाचं कळत नाही. तिकडच्या बागेला छत्तीस मिनिटं लागतात, ती तेहतीस होतील."

"तीनच मिनिटं?" कलाबाई, माझी भावजय, भाकरी वाढता वाढता थांबली. "भाऊजी, तीन मिनिटांत तर यांचा चहा गार होत नाय."

"जाऊन-येऊन सहा," राकेश म्हणाला. "आणि ट्रॅक्टर पण उंच दिसंल."

खंडेरावने टायर टाकले. पहिल्या दिवशी तो स्वतः घड्याळ लावून गेला आणि तिकडून फोन केला, "अण्णा, तेहतीस! बरोब्बर तेहतीस!" पुढचे आठ दिवस तो दुधाच्या डेअरीवर, कटिंगच्या दुकानात सांगत होता की आमच्या अण्णानं नुसत्या खडूनं मापून काढलं. मी जवळ असलो की मान खाली घालायचो, पण तिथून निघायचोही नाही.

झिपरू एवढंच म्हणाला, "अण्णा, खुणंवर ठिवली तरी पळती वं."

ती खूण लाल होती. अकरा वर्षांपूर्वी खंडेरावची मुलगी सुवर्णा, तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं, तिने नेलपॉलिशने रेसच्या दांड्याजवळ एक टिकली मारून दिली होती. दांडा टिकलीवर ठेवायचा, गिअर ठरलेला, म्हणजे ब्लोअरचा पंखा हवा तसा फिरतो आणि ट्रॅक्टर हव्या त्या चालीने जातो. त्या चालीत सहाशे लिटरची टाकी अडीच एकराला पुरायची, अगदी शेवटच्या ओळीच्या टोकापर्यंत. तिथे फवारा खोकायला लागायचा आणि झिपरू एक हात वर करायचा. बांधावर बसलेल्याला लांबूनच कळायचं, झालं. अकरा वर्षं तो हात त्याच ठिकाणी वर झाला होता.

"पळणारच," मी झिपरूला म्हणालो. "शंभराला दहा." आणि वाचायला निघून गेलो. माझं गणित रस्त्यावरचं होतं. ते मी रस्त्यावरून बागेत उतरवलंच नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटणी झाली. डोळे फुटले, घड दिसायला लागले. पहिल्या फवारणीला झिपरू खंडेरावकडे आला. "नाना, औषध उरलं."

"किती?"

"पन्नासएक लिटर असंल."

"पानं लहान हेत अजून. मार कडंच्या ओळींना."

दुसऱ्या वेळी पुन्हा उरलं. तिसऱ्या वेळी खंडेरावच्या कपाळाला आठी पडली. मग दिवाळीच्या तोंडावर आभाळ आलं आणि चार दिवस पाऊस. बाग फुलोऱ्यात. या दिवसांत बागेतली माणसं बोलत नाहीत, नुसती आभाळाकडे बघतात. मजुरांचे पाय ढोपरापर्यंत चिखलात. कलाबाई पानं उलटी करून करून बघत होती. पाचव्या दिवशी तिला पहिला डाग सापडला. पानाच्या वरच्या बाजूला तेल सांडल्यासारखा पिवळट, खाली पांढरी बुरशी. डावणी.

तिने ते पान खंडेरावच्या हातात दिलं आणि घरात गेली.

पुढच्या फवारणीला खंडेराव सकाळपासून बांधावर उभा राहिला. मी त्याच्याजवळच होतो. त्याने मोबाइलमध्ये घड्याळ लावलं. झिपरू गोणपाटाचा घोंगता पांघरून ट्रॅक्टरवर, तोंडाला रुमाल. ओळीमागून ओळ झाली. शेवटची ओळ संपली, पण फवारा खोकला नाही. हात वर झाला नाही. झिपरूने ब्लोअर बंद केला आणि तसाच बसून राहिला.

खंडेरावने टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. मग मोबाइल झिपरूच्या तोंडासमोर धरला.

"एक तास चाळीस मिनिटं. आधी किती लागायचे?"

"एक पन्नास लागायचे, नाना."

"मग दहा मिनिटं कुठं गेली? कुठं जायची घाई हे तुला?"

"मी खुणंवरच चालवली. बघा ना, दांडा अजून खुणंवरच हे."

"खुणंवर हे! मला काय येडा समजतो का? खुणंवर चालवली तर औषध उरतंच कसं? पळवतो तू. पळवतो, नायतर ओळी सोडतो."

"अकरा वर्षांत कधी सोडली का वळ?"

"आता सोडतो!" खंडेराव ओरडला. पानं खुडणाऱ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. "का औषध इकतो बाहेर? आं? चार हजाराची बाटली हे ती!"

त्या क्षणी मला कळलं होतं.

हे मी कसंही सांगितलं तरी तेच आहे. एकशे दहा मिनिटांची शंभर. माझाच आकडा. लग्नपत्रिकेमागे मी लिहिलेला आकडा तिथे बांधावर उभा होता आणि झिपरूला शिव्या खायला लावत होता.

झिपरूने रुमाल खाली ओढला. खंडेरावकडे न बघता माझ्याकडे वळला.

"अण्णा, तुम्ही सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खंडेराव, बाया, ट्रॅक्टरवरून झिपरू. माझ्या डोक्यात आलं, आपलं चुकत असेल तर? चिखलात चाक घसरतं, मग चाल कमीच होईल. नोझल बुजलं असेल. शेतातलं मला काय कळतं? आणि बरोबर असलं, तर हे टायर मीच मापून दिलेत. एकदा पुन्हा मोजून पाहू, मग सांगू, नीट सांगू.

"बघावं लागेल," मी म्हणालो.

झिपरू माझ्याकडे आणखी थोडा वेळ बघत राहिला. मग खाली उतरला.

दुपारी खंडेराव मळ्यातल्या खोलीकडे गेला. मीही मागून गेलो, का गेलो सांगता येत नाही. भिमाबाई चुलीपुढे होती. तो म्हणाला, "पेटी उघड."

"काय झालं, नाना?"

"उघड म्हणलो ना."

तिने पत्र्याची पेटी ओढून उघडली. तेवढ्याने त्याचं समाधान होईना म्हणून तिने ती उपडीच केली. दोन लुगडी, एक नवं परकराचं कापड, रेशनकार्ड, काचेच्या बांगड्यांचा एक डझन कागदात बांधलेला, देवाचा टाक. मोरीत औषधाचा रिकामा डबा होता, वरचं तोंड कापून अंघोळीला घेतलेला. असा डबा आमच्याही मोरीत आहे. खंडेरावने तो पायाने लोटला.

"हे काय मग?"

भिमाबाई त्याच्याकडे नाही, दाराकडे बघत होती. दारात मी होतो.

झिपरू मागून आला. त्याने सांडलेलं सामान पाहिलं. खाली बसून त्याने देवाचा टाक उचलला, सदऱ्याला पुसला आणि खिशात ठेवला. म्हणाला, "हिशेब नको नाना. आमी जातो."

मी त्या संध्याकाळी चाक मोजलं असतं तरी चाललं असतं. पण अंधार पडला, पाऊस होता, आणि झिपरू काही लगेच जाणार नाही, उद्या दोघांचीही डोकी थंड होतील, असं मी स्वतःला सांगितलं. सकाळी सातला मी खडू घेऊन बागेत गेलो. चिखलात, ब्लोअर जोडून, भरल्या टाकीने किती अंतर जातं ते मोजायला हवं होतं. चालवायला माणूस पाहिजे म्हणून झिपरूला हाक मारली. खोलीचं दार लोटलेलं होतं. चूल सारवून ठेवली होती. ते पहाटेच्या गाडीने गेले, असं पाणी सोडणाऱ्या माणसाने सांगितलं.

मग मी एकट्यानेच बघितलं. नव्या टायरच्या नक्षीचे ठसे चिखलात स्वच्छ उमटले होते. टायरला एके ठिकाणी खिळा लागून चीर गेली होती, तिचाही ठसा होता. एका ठशापासून दुसऱ्या ठशापर्यंत टेप लावली. दोनशे पंच्याण्णव. घसरण धरूनही माझं गणित बरोबर होतं. आयुष्यात कधी एखादी गोष्ट चुकावी असं मला इतकं वाटलं नव्हतं.

खंडेराव रोगट घड कात्रीने कापून घमेल्यात टाकत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो कापत राहिला. एक घड, दोन घड, तीन.

"म्हणजे टायरमुळं?"

"हो. तो खुणेवरच चालवत होता. टायर मोठा, म्हणून ट्रॅक्टरच पुढे जात होता. एकराला औषध कमी पडलं, तेच टाकीत उरत होतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

मी टेप गुंडाळत राहिलो.

"काल? तिथं?"

"हो."

त्याने कात्री घमेल्यात टाकली. त्याचे हात द्राक्षाच्या चिकाने काळे झाले होते. "मग तिथं का नाय बोलले, अण्णा? मी पेटी उघडायला लावली त्या बाईला." आणि थोड्या वेळाने, "डावणी त्याच्यामुळंच आली का?"

ते मला आजही माहीत नाही. आजूबाजूच्या बागांतही आली होती. पाऊसच तसा होता. शंभरात दहा कमी पडल्याने किती घड गेले आणि पावसाने किती, हे कुठल्या पुस्तकात नाही. मी तेच सांगितलं.

"तुम्ही जा त्याच्याकडं," खंडेराव म्हणाला. "माझं तोंड नाय तिकडं जायचं. या म्हणावं. टायर बदलतो म्हणावं."

चार दिवसांनी मी नाशिकहून पेठची एसटी धरली. उतरल्यावर पाड्यापर्यंत पाऊण तास चालावं लागलं. भात कापून झालं होतं. झिपरू खळ्यावर भाताच्या पेंढ्या फळीवर झोडपत होता. मला पाहून त्याने हातातली पेंढी पुरी झोडपली, मगच खाली ठेवली.

"बसा अण्णा. लांब आले."

भिमाबाईने कोरा चहा आणून माझ्यापुढे ठेवला आणि कुडाला टेकून उभी राहिली. मी सगळं बोललो. रस्त्याने जे ठरवत आलो होतो ते अर्धंच आठवलं. टायर, एकशे दहा मिनिटं, चिखलातला ठसा. खिशातून लग्नपत्रिकाही काढून दाखवली. तिचं आता काय काम होतं कोण जाणे.

झिपरूने ती हातात घेतली नाही. "ते मला ठाव व्हतं अण्णा."

"काय ठाऊक होतं?"

"टायरचं. पयल्याच फवारणीला. रोडला पळती ती बागंत पळनार नाय का? तीच गाडी, तेच चाक."

"मग तू खंडेरावला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. दुसऱ्या खेपंला. नाना म्हनले, टायरचं गणित अण्णानं केलं हे, तू नको शिकवू." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मग मी म्हनलो, असू दे. अण्णांना ठाव हे. टाइम येईल तवा अण्णा सांगतील."

खळ्यावर एक कोंबडी दाणे टिपत होती. भिमाबाईने तिला हुसकलं. मग तिथूनच म्हणाली, "माझी पेटी वतली तवा तुम्ही दारात उभे व्हते."

"हो," मी म्हणालो.

"मला वाटलं, सांगाया आले."

चहा मी घेतला, पण कसा घेतला ते आठवत नाही. खंडेरावचा निरोप सांगितला. परत चला, टायर बदलतो म्हणतोय.

"टायर कशाला बदलाया?" झिपरू म्हणाला. "चांगले हेत टायर. पकड हे त्यांना. टाकी चार बोटं कमी भरायची. औषध तेवढंच टाकायचं, पाणी चार बोटं कमी. बरोबर टोकाला जाऊन संपंल." त्याने चार बोटं आडवी करून दाखवली. नखांत भाताचा कोंडा गेला होता. "मला इचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी मनातल्या मनात भागाकार करून पाहिला. सहाशेला एक पूर्णांक एक दशांशने भागलं की पाचशे पंचेचाळीस. वर उरते ती साधारण चार बोटंच. शंभराला दहा काढायला मला दोन दिवस, खडू आणि टायरवाल्याची फरशी लागली होती.

"येतोस ना मग?"

"नाय अण्णा. भात झालं की गिरणाऱ्याला मजुरांच्या बाजारात उभा राहीन. तिथं रोज येगळा शेठ." त्याने पेंढी उचलली. "तुमी टायमात निघा. गाडी साडेबाराची हे, मग चारलाच."

मी उठलो. त्याने मला रस्त्यापर्यंत सोडलं नाही. पाठीमागून फळीवर पेंढी आपटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पुढच्या फवारणीला नवा माणूस होता. त्याला खंडेरावने स्वतः खूण दाखवली. टाकी भरताना मी जवळ जाऊन म्हणालो, "चार बोटं कमी भर. औषध तेवढंच." खंडेरावने माझ्याकडे पाहिलं आणि पाइप काढला. उरले होते त्या घडांना तरी नीट औषध लागणं गरजेचं होतं.

ऊन कोवळं होतं. वरून ओझरच्या धावपट्टीकडे एक विमान खाली खाली गेलं. आम्ही दोघं बांधावर उभे होतो. कलाबाई पाण्याची कळशी घेऊन आली तीही थांबली. शेवटच्या ओळीत ट्रॅक्टर शिरला. टोकाला पोचला आणि फवारा खोकायला लागला. नव्या माणसाला हात वर करायचं माहीत नव्हतं. तो तसाच वळून, ब्लोअर चालू ठेवून आमच्याकडे आला.

खंडेरावने झाकण उघडून टाकीत डोकावलं. मग वळून माझ्या पाठीवर थाप मारली. दीड महिन्यात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं.

"जमलं की हो अण्णा!" पंख्याच्या आवाजात तो ओरडला. "तुमचं गणित म्हणजे गणित!"

"माझं नाही," मी म्हणालो. "झिपरूचं आहे."

पंख्याच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. कलाबाई हसत होती. खंडेराव मान हलवत होता. मी गप्प बसलो असतो तर ते तिथंच संपलं असतं, आणि गप्प बसण्याची मला सवय आहे. मी ट्रॅक्टरजवळ गेलो. किल्ली कुठे असते ते शोधायला मला थोडा वेळ लागला. फिरवली. पंखा घरघरत थांबला.

"काय झालं?" खंडेराव म्हणाला. "बंद का केला?"

बागेत पाण्याचे थेंब पानांवरून गळत होते, तेवढाच आवाज राहिला. पानं खुडणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या. त्या दिवशी होत्या त्याच बाया.

"हे झिपरूने सांगितलं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "त्याला पहिल्या फवारणीपासून माहीत होतं. तो खुणेवरच चालवत होता. त्याने एकही ओळ सोडली नव्हती. आणि मला ते इथं, याच बांधावर कळलं होतं, आणि मी बोललो नाही."

खंडेराव टाकीचं झाकण दोन्ही हातांत धरून उभा होता. ते त्याने लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. कलाबाईने कळशी खाली ठेवली.

नव्या माणसाने मला विचारलं, "चालू करू का?"

"कर," मी म्हणालो.